होसकोट्यातला रविवार, जार नंबर दोन

पहाटे ४.४५

रविवारी होसकोट्यात गजर लावावा लागत नाही. हायवेवरून गावात वळलेल्या गाड्यांची दारं धाडधाड आपटायला लागली की समजायचं, पाच वाजत आले. बंगळुरातली आयटीतली पोरं झोपेचं खोबरं करून इथं मटणाची दम बिर्याणी खायला येतात. अंधारात, कानटोपी घालून, रांगेत उभी. पहिल्या वर्षी मला हे खरंच वाटेना. आमच्या बार्शीकडे इतक्या पहाटे माणूस उठतो तो धारा काढायला, नाहीतर पंढरपूरची गाडी धरायला.

मी उठते ती दह्यासाठी. ओट्यावरचं पातेलं जरा तिरकं करून बघायचं, दही कडेनं सुटतंय की अजून दुधासारखं हलतंय. विरजणाला कन्नडमध्ये हेप्पु म्हणतात. सहा वर्षांपूर्वी इथं खोली घेतली, त्या पहिल्या संध्याकाळी घरमालकीणबाई वाटीभर हेप्पु घेऊन दारात आल्या. तेच अजून चालू आहे. म्हणजे नक्की काय चालू आहे, हे सांगणं माझ्या धंद्यात अवघड. दूध रोज नवं, आणि त्यातल्या जिवांच्या सहा वर्षांत हजारो पिढ्या झाल्या. आज पातेल्यात आहेत ते बाईंच्या वाटीतल्यांचे वंशज, की मधेच चमच्यावरून, माझ्या बोटावरून घुसलेले उपरे, हे छातीवर हात ठेवून सांगता यायचं नाही. दही लागलं, आंबट झालं नाही, संपला विषय. घरी एवढं पुरतं. कारखान्यात पुरत नाही, आणि ते पुरत नाही म्हणून मला पगार मिळतो.

६.२०

कंपनीची गाडी तळ्याच्या कडेनं जाते. थंडीत पाण्यावर धुकं बसलेलं असतं आणि त्यात दुर्बिणी, कॅमेरे घेतलेले पक्षीवाले उभे असतात. बिर्याणीवाले आणि पक्षीवाले, रविवारच्या होसकोट्याचे हे दोन पंथ.

होस म्हणजे नवी, कोटे म्हणजे कोट. सुगटूरच्या तम्मे गौडानं १५९५च्या सुमारास बांधलेली ही नवी गढी. पुढं १६३८मध्ये बंगळूर आदिलशाहीकडे आलं आणि शहाजीराजांना जो मुलूख मिळाला त्यात बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरा यांच्याबरोबर होसकोटेही होतं. ऑफिसात कुणी मला ‘तुम्ही मराठी लोक इथं कसे आलात’ असं विचारलं की मी हे ऐकवते. आता फारसं कुणी विचारत नाही.

७.१०

मी लस बनवत नाही, हे आधीच सांगून टाकते. आम्ही लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मोठ्या टाकीत वाढवतो, गोठवतो, वाळवतो आणि त्यांची भुकटी विकतो. ती पुढं कुणाच्या कॅप्सूलमध्ये जाते, कुणाच्या बाळाच्या दूधपावडरीत, कुणाच्या जनावरांच्या खाद्यात. मी तपासणी विभागात आहे. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किती जिवंत आहेत, आणि जे आहेत ते तेच आहेत का, एवढेच दोन प्रश्न. दोन्हींची उत्तरं तीन दिवसांनी मिळतात. गुरुवारी टाकलेल्या प्लेटा रविवारी पिकतात. जिवाणूंना साप्ताहिक सुट्टी नाही.

चप्पल बदल, गाऊन, टोपी, हात धुणं, स्पिरिट. मग ३७ अंशांच्या खोलीत जायचं. तिथं एमआरएस माध्यमाचा वास असतो. द मान, रोगोसा आणि शार्प या तिघांनी १९६०मध्ये या जिवांसाठी बसवलेली ही खानावळ. साखर, यीस्टचा अर्क, मांसाचा अर्क, मीठमसाला. वास म्हणाल तर काल रात्रीच्या रश्श्यात कुणी बॉर्नव्हिटा कालवावा तसा. दह्यातले जीव सात्त्विक असतात असं ज्यांना वाटतं त्यांना मी हा वास एकदा द्यावा म्हणते.

प्लेटा हवाबंद जारमध्ये ठेवलेल्या असतात. आत रासायनिक पुडी, ती प्राणवायू खाऊन टाकते, आणि एक बोटभर पट्टी. हवा गेली असेल तर पट्टी पांढरी, राहिली असेल तर निळी.

जार नंबर एक, पट्टी पांढरी.

जार नंबर दोन. निळी. अगदी आकाशी नाही, धुतलेल्या शाळेच्या शर्टासारखी. पण निळीच.

झाकणाच्या रबरी कड्यावर एक केस. माझाच असणार, गुरुवारी हा जार मीच लावला होता. या जातीचे जिवाणू हवेत मरत नाहीत, खरं म्हणजे प्लेटवर बऱ्यापैकी उगवलेतही. पण पद्धतीत ‘बिनहवेचं’ लिहिलंय आणि पट्टी निळी आहे, म्हणजे मोजणी बाद. तीन दिवस गेले. वहीत कारण लिहायचं, सही करायची, त्याच नमुन्याच्या नव्या प्लेटा आज टाकायच्या. ‘झाकण नीट बसलं नाही’ असं लिहिलं. केस म्हणून लिहायला हात धजला नाही, मग लिहिलं.

जार एकमधल्या प्लेटा घेऊन उजेडाच्या डब्यावर बसले. प्लेट उपडी धरायची, मागच्या काचेवर पेननं एकेका ठिपक्यावर टिंब देत जायचं. पांढऱ्या, फुगीर, साबुदाण्याच्या कण्यांएवढ्या वसाहती. एक ठिपका म्हणजे भुकटीतला एक जिवंत जीव, असं आपण धरून चालतो. ११२. एक ग्रॅम भुकटी दहापट, दहापट करत एक अब्ज पट पातळ केलेली होती, म्हणजे ग्रॅमला ११२ अब्ज. दुसरी प्लेट ११८. ठीक. एक वसाहत सुईनं उचलून काचेवर पसरली, ग्रॅम स्टेनच्या रंगात बुडवली, भिंगाखाली धरली: जांभळ्या काड्या, आगपेटीतून सांडल्यासारख्या. तेच आहेत.

९.३०

कागद. यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही. फक्त एक गोष्ट: २०२०मध्ये शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस हे एकत्र कुटुंब वाटून २५ घरं केली. आमचा कसलेला जुना लॅक्टोबॅसिलस केसाय रातोरात लॅक्टिकेसिबॅसिलस केसाय झाला. सात-बारावर नाव चढवायला जितकी वर्षं लागतात तितकीच लेबलांवर चढवायला लागणार असं दिसतंय. अजून अर्ध्या कागदांवर जुनं, अर्ध्यांवर नवं.

१०.३०

आता ती लहान खोली. तिला वेगळं दार, वेगळा गाऊन, कचऱ्याचा वेगळा डबा. तिथून जे बाहेर पडतं ते १२१ अंशांवर वाफेत शिजून मगच पडतं. जनुक बदललेल्या जिवावर काम करायचं तर १९८९चे नियम आहेत: संस्थेची स्वतःची जैवसुरक्षा समिती, तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागाची, आणि असा जीव उंबऱ्याबाहेर न्यायचा म्हटलं तर पर्यावरण मंत्रालयाची. आम्ही उंबऱ्याच्या फार आत आहोत. आमच्या केसायमध्ये एक खुणेपुरतं प्रथिन घातलंय, त्याचा कुठल्या रोगाशी संबंध नाही. आम्हाला बघायचंय ते एवढंच, की हे ओझं तो किती दिवस वाहतो.

ओझं कशासाठी, ते सांगायला हवं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, आमच्याकडच्या बायकांच्या भाषेत पिशवीच्या तोंडाचा, ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ आणि ८४मध्ये या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार अशा गाठींत शोधले. २००८मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे दोन प्रकार मिळून जगातले सुमारे ७० टक्के असे कॅन्सर घडवतात. भारतात दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा होतो आणि ७५ हजारांहून जास्त दगावतात. विषाणू पेशीत शिरला की बहुतेक वेळा शरीरच त्याला हाकलतं. ज्या थोड्या जणींत तो मुक्काम ठोकतो, तिथं त्याची दोन प्रथिनं, ई-६ आणि ई-७, पेशीचे ब्रेक काढून टाकतात. ई-६ पी-५३ला संपवतं, ई-७ आरबी नावाच्या प्रथिनाला अडकवून ठेवतं. पेशी वाढत सुटते. आणि ती कॅन्सरची झाली तरी तिला ही दोन प्रथिनं सोडवत नाहीत, कारण त्यांच्यावरच ती जगते. म्हणजे चोराच्या अंगावर चोरीचा शर्ट कायमचा.

आज मिळणाऱ्या लसी विषाणूच्या बाहेरच्या टरफलावर बेतलेल्या आहेत. विषाणू दारात येण्याआधी त्या दिल्या तर उत्तम. पण आत घुसलेला विषाणू टरफल काढून ठेवतो, मग पहारेकरी कुणाला ओळखणार? पस्तिशी-चाळिशीतल्या, आधीच लागण झालेल्या बाईला ती लस फारशी उपयोगाची नाही. तिला हवी ई-७ ओळखायला शिकवणारी लस.

तोक्योत केई कावाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं, आणि शिकवायला मास्तर नेमला तो आमचा केसाय. त्यांनी ई-७ थोडं बदलून, त्याची नखं काढून, केसायच्या अंगावर बसवलं आणि कॅप्सूलमध्ये भरून गर्भाशयमुखात सीआयएन-३, म्हणजे कॅन्सरच्या उंबरठ्यावरचा बदल, असलेल्या १७ बायकांना गिळायला दिलं. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आठवड्यात. २०१४मध्ये निकाल छापून आला. ज्यांना योग्य मात्रा मिळाली त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के बायकांत नवव्या आठवड्याला हा बदल एक पायरी खाली उतरला होता. एरवी उपाय म्हणजे तो भाग शंकूसारखा कापून काढणं, आणि त्यानं पुढच्या बाळंतपणात दिवस भरण्याआधी प्रसूत होण्याचा धोका वाढतो. म्हणून कापण्याऐवजी गोळी.

तोंडानं गिळलेल्या गोळीचा परिणाम तिथं कसा? आतड्याच्या भिंतीत पेयर्स पॅचेस नावाच्या चौक्या असतात. तिथं शिकलेले पहारेकरी रक्तातून फिरून इतर ओलसर अस्तरांकडे जाऊन ठाण मांडतात. आमच्या होसकोट्यात भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं केंद्र आहे. लडाखमधल्या हानलेची दोन मीटर आरशाची दुर्बीण इथून चालवतात. दुर्बीण तिकडं साडेचार हजार मीटरवर बर्फात, माणूस इथं खुर्चीत कॉफी पीत. कावानांची गोळी मला नेहमी तशी वाटते.

पण त्या १७ जणींच्या चाचणीत खोटी गोळी दिलेला गट नव्हता. आणि हे बदल पुष्कळदा आपोआपही ओसरतात, सीआयएन-२ तर निम्म्याच्या आसपास जणींत. त्यामुळे गोळीचं श्रेय किती आणि देहाचं किती, हे तेवढ्यावरून कळत नाही. नंतर तुलना करून झालेल्या चाचण्यांत चित्र इतकं सरळ राहिलं नाही. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. मोजणारी बाई आहे मी. मोजायला दुसरी प्लेट लागतेच.

१२.५०

कँटीनमध्ये मोसरन्ना, म्हणजे दहीभात, वर मोहरीची फोडणी आणि डाळिंबाचे दाणे. पॅकिंगमधली एक मुलगी समोर येऊन बसली. तिनं कुठल्यातरी मोबाइलवरच्या व्हिडिओत ऐकलं होतं.

“अक्का, रोज मोसरु खाल्लं तर तो कॅन्सर होत नाही म्हणे?”

“असं असतं तर कर्नाटकात कुणालाच झाला नसता,” मी म्हटलं.

ती हसली, पण तिचा प्रश्न तिथं संपला नाही, आणि माझाही. दह्यातल्या जिवाच्या अंगावर ई-७ नसतं, मग तो ते शिकवणार कसं, हे झालं सोपं उत्तर. अवघड गोष्ट वेगळी आहे. आपलं आतडं जन्मापासून अशा जिवांना ओळखतं. घरचाच आहे, येऊ दे, असं म्हणून सोडून देतं. आतड्याला हे शहाणपण नसतं तर प्रत्येक जेवणागणिक अंगात दंगल झाली असती. केसाय निरुपद्रवी आहे तो या ओळखीमुळे. आणि आता त्याच्याकडूनच अपेक्षा, की त्यानं आत जाऊन आरडाओरडा करावा. जो कधी भांडला नाही त्यालाच आपण फिर्यादी करतोय. बीसीजीच्या लसीतला जिवाणू क्षयाच्या जातकुळीचा, विषमज्वराच्या तोंडानं घ्यायच्या लसीतला टायफॉइडचाच; दोघांची रग काढलेली, पण शरीर त्यांचं कूळ विसरत नाही, बघितल्याबरोबर सावध होतं. दह्याच्या जिवाला तसं कुणी बिचकत नाही. म्हणून या कामातले लोक त्याच्या अंगावरचं प्रथिन आणखी ठसठशीत करायला बघतात, किंवा सोबत डंका वाजवणारा साथीदार देतात. फ्रान्समधल्या गटानं ताकातल्या लॅक्टोकॉकसकडून ई-७ बरोबर इंटरल्युकिन-१२ही बनवून घेतलं आणि उंदरांच्या नाकात घातलं, ते यासाठीच. ‘निरुपद्रवी’ हा शब्द जाहिरातीत जितका गोड लागतो तितका लशीच्या कामात लागत नाही.

१.२०

आत्याचा फोन. रविवारी याच वेळी येतो.

“जेवलीस का गं? भातच खाल्ला असशील.”

“भातच.”

“भाकरी मिळत न्हाई व्हय तिकडं?”

मिळते, रागीची मुद्दे मिळते, पण आत्याला ते चालत नाही. आत्या परंड्याकडची, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातली. तिच्या गावात एकदा जीप आली होती. पंचवीस-एक वर्षं झाली असतील. बायकांना देवळाच्या ओट्यावर बसवून समजावलं, नावं लिहिली, पुढं तपासणी केली. आत्याला त्यातलं आठवतं ते हे, की सासूनं जायला नको म्हटलं होतं आणि शेजारच्या बायका निघाल्या म्हणून ती निघाली. तिच्या गावाच्या वाट्याला विषाणूची तपासणी आली होती. तिची ‘हाय’ निघाली. बार्शीला नेलं, थंड वाफेनं डाग जाळला, संध्याकाळच्या गाडीनं परत. एवढंच. आज ती सत्तरीत आहे आणि माझ्या भाताची चौकशी करते.

आपण एका चाचणीत होतो हे तिला कधी कुणी त्या शब्दांत सांगितलं नसावं. मी एमएस्सीला असताना ग्रंथालयात त्या चाचणीचा लेख उघडला आणि नकाशात आत्याचा जिल्हा बघून खुर्चीत सरळ बसले. ५२ गावगट, १,३१,७४६ बायका, ३० ते ५९ वयाच्या; टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाची माणसं; २००९मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध. एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत बळावलेले कॅन्सर आणि मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या साधारण निम्म्यावर आले. तपासणी न झालेला गट का ठेवला, यावर पुढं वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण गरीब देशात बाईला एकदा, फक्त एकदा गाठलं तरी किती फरक पडतो, हे जगाला आमच्या ज्वारीच्या पट्ट्यानं दाखवलं.

म्हणून ही गोळी मला सोडवत नाही. जीप एकदाच येते. सुई नको, फ्रीज नको, टेबलावर झोपवणं नको, आशाताईच्या पिशवीत मावेल अशी गोष्ट हवी. वाळवलेली भुकटी पिशवीत मावते. पण आठ आठवड्यांत चार फेऱ्या? आत्याला विचारलं.

“गोळ्या दिल्या असत्या तर घेतल्या असत्यास का गं, दोन महिने?”

“बरं वाटाया लागलं की कोण घेतंय,” आत्या म्हणाली. “आन मला तर काय होतच नव्हतं.”

तोक्योच्या लेखात हा मुद्दा नाही.

२.४५

मखमल. खरोखरची मखमल, कापडबाजारातली, चौकोनी तुकडे करून वाफेत उकळलेली. १९५२मध्ये लेडरबर्ग दांपत्यानं काढलेली ही युक्ती अजून तशीच वापरतात. लाकडी ठोकळ्यावर मखमल ताणून बसवायची, वसाहती उगवलेली प्लेट तिच्यावर हलकेच दाबायची. मखमलीच्या लवेवर प्रत्येक वसाहतीचे थोडे थोडे जीव चिकटतात. मग त्या ठशावर दोन नव्या प्लेटा टेकवायच्या: एक साधी, एक एरिथ्रोमायसिन घातलेली. आपण घातलेल्या जनुकाच्या सोबत त्या औषधाला न जुमानण्याची खूण जोडलेली असते. ज्यानं ओझं जपलं तो दोन्हीकडे उगवणार. ज्यानं टाकलं तो फक्त साध्या प्लेटवर.

गेल्या आठवड्याचे ठसे आज वाचले. दोन्ही प्लेटा शेजारी ठेवून, कडेवरच्या खुणा जुळवून. साधी प्लेट भरलेली. औषधाची प्लेट म्हणजे दात पडलेलं तोंड. निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या. औषध न घालता बरेच दिवस, एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत, तिच्यातून तिसऱ्या, असं वाढवल्यावर त्यांनी आपलं प्लाझ्मिड, त्या जनुकाची सुटी अंगठी, वाटेत टाकून दिली. त्यांचं काय चुकलं? परक्याचं प्रथिन बनवण्यात ताकद जाते. ज्यानं अंगठी टाकली तो हलका झाला, भराभर वाढला, टाकी त्याच्या पोरांनी भरली. कारखान्याच्या टाकीत हेच झालं तर भुकटीचा काउंट झकास येईल, ग्रॅमला ११२ अब्ज, जांभळ्या काड्या, तेच आहेत, मी सही करेन. आणि कॅप्सूलमध्ये महागडं दही असेल.

त्यावर उपाय ठाऊक आहे. जनुक सुट्या अंगठीवर न ठेवता गुणसूत्रातच बसवायचं, आणि औषधाची खूण काढून टाकायची; खाण्याच्या गोष्टीत प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक कुणी चालवून घेणार नाही आणि घेऊही नये. गेंटमधल्या लोथर स्टाइडलर यांची हुशारी तर मला पाठ आहे. आतड्याच्या सुजेवर त्यांनी लॅक्टोकॉकसकडून इंटरल्युकिन-१० बनवून घेतलं, आणि ते जनुक बसवलं ते थाय-ए नावाच्या जनुकाच्या जागी. त्याच्याशिवाय जिवाणूला थायमिडीन बनवता येत नाही. बाहेरून मिळालं तर जगतो, नाहीतर मरतो. म्हणजे एका दगडात दोन कामं: औषधही बनलं, आणि तो जीव गटारातून नदीला जाऊन वंश वाढवायला मोकळा राहिला नाही. २००६मध्ये तो क्रोन्सच्या रुग्णांना देऊन पाहिल्याचं प्रसिद्ध झालं. बदललेला जिवंत लॅक्टिक जिवाणू माणसाला औषध म्हणून देण्याची ती सुरुवात.

गुणसूत्रात बसवलं की एका पेशीत जनुकाची प्रत एकच. प्रथिन कमी बनतं. मग आवाज आणखी बारीक. पुन्हा दुपारच्या जेवणातलीच अडचण, दुसऱ्या दारानं आली.

४.१५

जार नंबर दोनच्या नव्या प्लेटा. भुकटी तोलली, ९९ मिलीत मिसळली, पातळ करत नेली. दर वेळी पिपेटचं टोक नवं. मधेच करंट गेला, जनरेटर घुरघुरला, हुडचा पंखा थांबून परत सुरू झाला. हातातली प्लेट टाकून दिली, पुन्हा केली. रबरी कडं पुसलं, बोट फिरवून पाहिलं, टोपी कपाळावर ओढून घेतली. झाकण. स्क्रू. सात वाजता पट्टी बघायचं सेकंड शिफ्टच्या मुलाला सांगून ठेवलं.

५.००

वाळवणीच्या मशीनवर सर्जनशील असं काही घडत नाही, पण मला तिथं उभं राहायला आवडतं. गोठलेल्या लगद्यातून पाणी बर्फाचं थेट वाफ होऊन निघून जातं, आणि ट्रेमध्ये बत्तासा उरतो. सोबत साखर नाहीतर दूधपावडर घातलेली असते, नाहीतर निम्मे या प्रवासात मरतात. जिवंत ठेवण्यासाठी आम्ही एवढा आटापिटा करतो, आणि गंमत अशी की कावानांच्या कॅप्सूलमधले केसाय उष्णता देऊन निकामी केलेले होते. जिवंत लस, जिवंत लस असं या विषयाला म्हणतात, पण माणसांत सगळ्यात पुढं गेलेल्यांपैकी एक ती मेलेल्यांचीच. निकामी जीव पळत नाही, वंश वाढवत नाही, अंगठी टाकत नाही. जेवढं ओझं अंगावर घेऊन मेला तेवढं घेऊन पोचतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचे जिवाणू रश्श्यात वाढवले, आणि रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जिवाणूंच्या झुंबरासारख्या जटा खाली लोंबत वाढत. मग तापवून त्यांना मारायचं, ती लस. १० जानेवारी १८९७ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्या वर्षी प्लेग बंगळुरातही पोचला. रस्सा आणि साजूक तूप. लसीचं आणि स्वयंपाकघराचं नातं आमच्या दह्यापासून सुरू झालेलं नाही.

६.४०

गाडीत भावजयीचा फोन, पुण्याहून. भाची अकरा वर्षांची आहे.

“ताई, डॉक्टर म्हणतात ती सर्व्हायकलची लस देऊन टाका. दोन डोस. पण तुम्ही म्हणत होता ना, गोळी येतेय म्हणून? सुई बघितली की ही घर डोक्यावर घेते. थांबू का?”

माझीच चूक. दिवाळीत फराळ खाता खाता तोक्यो, केसाय, मखमल असं भरभरून बोलले होते. ऐकणाऱ्यानं त्यातून गोळी तेवढी लक्षात ठेवली.

“अजिबात थांबू नकोस,” मी म्हटलं. “ती गोळी लागण झालेल्या मोठ्या बायकांसाठी आहे, आणि तीही अजून प्रयोगात. हिला लागणच होऊ नये म्हणून ही लस. तुमच्या पुण्यातच बनते, सिरमची, २०२३च्या जानेवारीत आली. चार प्रकारांवर चालते. पुढच्या आठवड्यातच घेऊन जा.”

“दुखतं का?”

“दुखतं. दंड दोन दिवस. तिला तसंच सांग, खोटं सांगू नकोस.”

तिनं फोन भाचीकडे दिला. भाचीनं विचारलं, तुझ्या बॅक्टेरियाला नाव आहे का. मी सांगितलं, होतं, बदललं. तिला ते फार आवडलं.

९.१०

दूध कोमट झालं का, हे मी अजूनही करंगळी बुडवूनच बघते. ३७ अंशांच्या खोलीत दिवसभर वावरून करंगळीला तेवढं कळतं. चमचाभर हेप्पु घातलं, ढवळलं, पातेल्यावर ताटली, ताटलीवर जुनी शाल. होसकोट्याची थंडी डिसेंबरात दही लागू देत नाही.

फोनवर सेकंड शिफ्टच्या मुलाचा मेसेज होता, सात वाजून पाच मिनिटांचा. शब्द एकही नाही, नुसता फोटो. जार नंबर दोन, काचेला नाक लावून काढलेला, मागं त्याच्याच टोपीचं प्रतिबिंब. पट्टी पांढरी.

म्हणजे बुधवारी संध्याकाळी मोजायच्या.